पाणी खंयचां?

चौथ्या रोलच्या आभाळाला देवी आल्या.

मोरीच्या खिडकीवर गोधडी, दाराच्या फटीत ओला टॉवेल,
लाल दिवासुद्धा नाही, फिल्मला तो चालत नाही.
बाहेरून कुणी कडी वाजवली की मी ओरडते,
"अंघोळ चाललीय!"
अर्ध्या आचऱ्याला वाटतं
मास्तरीणबाई दिवसातून तीनदा न्हातात.

ट्यूबलाइटसमोर पट्टी धरली:
काळ्या वाळूवर पांढरी माणसं रापण ओढतायत,
वर काळंकुट्ट आभाळ, आणि त्यात
मोहरीएवढी गोल, आरपार भोकं.

वेंगुर्ल्याला पास्कू रॉड्रिग्जना फोन लावला.
चाळीस वर्षं लग्नं आणि मयतं टिपलेला माणूस.
मी म्हटलं, डाग.
ते म्हणाले, "काळो की आरपार?
गोल की लांबट? कड धारदार की पुसट?"
डॉक्टरीणबाईंनी आईच्या पुरळालासुद्धा
इतकं विचारलं नव्हतं.
"मगे ते बुडबुडे, टीचर. फिल्मीक चिकटतत.
टाकी लादयेर आपट. लाजू नको."

आपटली.
पाचव्या रोलवर देवी गेल्या आणि ओघळ आले,
मिठागरात उरतात तशा पांढऱ्या कडांचे.
"पाणी खंयचां?"
विहिरीचं.
"म्हयनो?"
मे.
ते नुसते हसले. मागे त्यांचा कुत्रा भुंकला.
मे महिन्यात आमच्या विहिरीत खाडी चढते,
डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही,
आणि मी त्यात आभाळ धुवायला निघालेले.

मग शम्सू सोलकरच्या गॅरेजातून बॅटरीचं पाणी.
जेटीवरून बर्फ, वीस अंशांसाठी
(त्याला बांगड्याचा वास.
वासाने डाग पडत नाहीत, विचारून घेतलं).
शेवटच्या धुण्यात रिठा घातला, तो माझा शहाणपणा,
फेसाचेच ठसे उमटले.
आठव्या रोलवर जांभ्याची धूळ:
गोधडी मीच आत आणून झटकली होती.
नवव्यावर मोटरच्या पाइपाचा गंज, बारीक, शेपटीवाला.
नाव न घातलेली वही कुणाची, हे मी अक्षरावरून सांगते.
तसे आता डाग.

दहावा स्वच्छ.
छत्तीस चौकटी, आणि एकीत फक्त
एकच बुडबुडा राहिलेला:
आवडाबाय कुबल जाळं सांधत बसलेली,
तिच्या हनवटीच्या अगदी मधोमध.
तीन शून्यांचा ब्रश. टोक जिभेवर ओलं केलं,
श्वास धरला,
भोकात रंगाचा एक ठिपका टेकवला.
छाप गुळगुळीत निघाली. मी दोनदा चहा घेतला.

आवडाबायने फोटो लांब धरला, जवळ आणला,
पदराने पुसला, परत लांब धरला.
"बरो इलो हा. पण ही कोण गो?
माझां गोंदण खंय गेलां?"

जत्रेत गोंदलं होतं, नवव्या वर्षी,
दोघींनी तिला धरून ठेवलेलं.
"घोव गेलो, दात गेले, ह्यां तेवढां ऱ्हवलां,"
म्हणत तिने तिथे बोट ठेवलं,
बोटाला जाळ्याचा दोरा गुंडाळलेला.

काळा की आरपार.
गोल की लांबट.
हिरवट, ती म्हणाली असती.

रात्री ती पट्टी परत पाण्यात घातली.
बॅटरीच्या. उरलेलं सगळं.
टाकी आपटली नाही, बोटही लावलं नाही,
मोरीतल्या पाटावर बसून राहिले.
रंग सुटायला सतरा मिनिटं लागली.
मध्येच कुणीतरी कडी वाजवली, मी गप्प.

पास्कूंचा फोन झोपताना आला.
"गेलो काय डाग, टीचर?"
"आला," मी म्हटलं.
मग बराच वेळ
तिकडून नुसता कुत्रा.