दोन बोटं माया

वडगावच्या गिरणीत जोंधळ्याचा डबा उतरवला
आणि कुणी बघत नाही असं बघून
मीच काट्यावर उभी राहिले.
बसाप्पानं पिठाच्या धुरळ्यातून मान वर केली,
म्हणाला, "अरवत्तमूरु."
त्रेसष्ट.
कानडीत आकडा जरा हलका वाटला,
घरी येईस्तोवर त्याचं मराठी झालं.

गेल्या आखाडात मी बावन्न होते.
तेव्हा सगळे म्हणायचे, कशी शिडशिडीत राहिलीस गं.
तेव्हा मशीनवर चार महिने जुनी चादर होती,
गिऱ्हाइकांची कापडं गाठोड्यात तशीच,
होसूरच्या एका पोरीचं लग्न होऊन गेलं,
तिचा ब्लाऊज माझ्याकडं कापून पडलेला.
मी भिंतीकडं तोंड करून
चुन्याचे पोपडे मोजायचे.
एकशे बारा.
पुन्हा मोजायचे.

टिळकवाडीच्या हंचिनमनी डॉक्टरीणबाईंनी
गोळी दिली, रात्री जेवल्यावर एक.
सहाव्या आठवड्यात एका सकाळी
मला चहाचा वास आला.
एवढंच झालं. चहाचा, त्यातल्या आल्याचा.
मी उठले आणि चादर ओढून काढली.

मग भूक आली.
रात्री तीनला उठवणारी,
पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा
अंधारात, उभ्यानं, बोटानं खाणारी भूक.
शेजारची शिवक्का म्हणते, "दप्प आगीरल्ला!"
आणि हसते, तिला कौतुकच वाटतं.
नणंद म्हणते, "गोळ्यांनी सुजालीस तू.
बंद कर की. मनाला कुठं औषध असतंय?"
नवरा काहीच म्हणत नाही.
फक्त फोटो काढताना
मला पोरांच्या मागं उभं करतो.

म्हणून नऊ दिवस
मी गोळ्या बॉबिनच्या डबीत टाकत गेले.
अर्धा किलोसुद्धा उतरला नाही.
दहाव्या दिवशी हातात कात्री, समोर कापड,
आणि ही छाती कुणाची, ही बाही कुणाची,
वहीतला एक आकडा ओळख देईना.
मान वर केली तर भिंत.
एकशे चौदा.
दोन नवे होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, असं मनानं बंद करायचं नाही.
दुसरी गोळी आहे, तिनं वजन कमी वाढतं,
खरं ती तुम्हाला बसेल का, आज सांगता येत नाही,
मधले काही आठवडे जड जातील.
विचार करून सांगा.

विचार करायला मी तिसऱ्या गेटजवळ
बंद फाटकापाशी उभी राहिले.
मालगाडी गेली, फाटक उघडलं, माणसं गेली,
मी उभीच.
गिरणीच्या काट्याला एकच पाट असतो.
त्यावर मी.
आल्याचा वास कशावर ठेवायचा?

आज शहापुरी साडीवरचा जांभळा ब्लाऊज काढला,
काखेपाशी चढेना.
मीच शिवलेला. उलटा केला,
ब्लेडनं टीप उसवली.
आत दोन बोटं माया.
गिऱ्हाइकाला नेहमी सांगते,
माया ठेवलीय हं आत, अंग काय तेवढंच राहतंय?
स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं.
आतलं कापड अजून गडद,
बाहेरचं धुऊन धुऊन विटलेलं,
नव्या टिपेपाशी दोन्ही शेजारी आले.
हात वर केला की दिसणार.
लाज वाटली. तरी घातला.

मग वहीत नवं पान काढलं.
नाव, सुगंधा मुतगेकर.
छाती अडतीस, कंबर चौतीस.
पेन्सिलीनं.
गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी,
आणि त्याच पानावर, मापाच्या खाली,
पुढच्या बुधवारी विचारायचं म्हणून लिहून ठेवलं:
दुसरी गोळी
लग्नसराई आटपल्यावर सुरू केली तर चालेल का?
होसूरचीच आणखी एक पोर आहे,
तिच्या आईनं कापड आणून दिलंय.