त्रेचाळीस स्टेशनं

इस्तंबूलच्या पोटातून अंगठा दाखवून निघता येत नाही.
हे विशीत कळलं, बेरकान्तबरोबर,
पुलाच्या तोंडाशी चार तास उभं राहून.
गाड्या थांबायच्या,
पण आम्हालाच पत्ता विचारायला.
शेवटी तो म्हणाला, ज्याने घरात घेतलं
त्यानेच दारापर्यंत सोडायला यावं.
चल, स्टेशनवर.

म्हणून आज एक्केचाळिसाव्या वर्षी
हल्कालीहून पहाटेची पहिली गाडी.
काखेत फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर एकच शब्द: पूर्व.
कार्ड टेकवलं, मशीनने अख्ख्या मार्गाचं भाडं कापलं.
इथली रीतच ती. आधी सगळं घ्यायचं,
मग जो मध्येच उतरेल
त्याला उरलेलं परत.

समोरच्या बाईने पुठ्ठा वाचला.
"आम्हीपण तिकडेच चाललोय की," म्हणाली,
"गाडीच तिकडे जाते."
आणि पोपटी लोकरीचे टाके मोजू लागली.

उजवीकडे समुद्र. त्यात नांगरलेली जहाजं,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी.
मग बोगदा. कानांना दडे बसले,
समुद्र खिडकीतून उठून डोक्यावर गेला
आणि डब्यात कुणी मोबाइलमधून मान वर केली नाही.
उजेडात आलो तेव्हा खंड बदलला होता
आणि स्टेशनचं नाव होतं
ताटातुटीची पाणपोई.

लांबच्या वाटेला निघालेल्यांना घरचे इथवर पोचवायचे म्हणे,
घोड्यांना पाणी पाजायचे, डोळे पुसायचे, परत फिरायचे.
म्हणजे तेव्हा शहर इथे संपत असणार.
आता इथून पुढे तासभर शहरच.
विणणारी बाई एरेनकोयला उतरली.
दार लागता लागता म्हणाली, "थंडी असेल तिकडे."
मला पोचवायला आलेलं तेवढंच माणूस.

शहर संपल्याची बेरकान्तची खूण होती:
कोंबडी रस्ता ओलांडताना पळत नाही,
तिथे संपलं.
मी खिडकीला नाक लावून कोंबड्या शोधत राहिलो.
कार्ताल, पेन्दिक, तुझ्ला.
क्रेन, अर्धवट जहाजांच्या फासळ्या,
विसाव्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी.

गेब्झे. शेवटचं स्टेशन.
पैसे परत देणाऱ्या यंत्रापुढे लोक उभे होते,
मीही सवयीने कार्ड टेकवलं.
शून्य.
बरोबरच आहे. मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

पुढे मिनीबस. ड्रायव्हरचं नाव सेफेर.
"सेफेर म्हणजे सफर. आईने हौसेने ठेवलं,
आणि नशिबात हे अकरा किलोमीटर,
जाऊन येऊन, जाऊन येऊन."
शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. मीही उठलो.
त्याने आरशात माझा पुठ्ठा उलटा वाचला.
"बस खाली."
वाकून पाटीचा दिवा बंद केला.
पुढचा दीड किलोमीटर
त्या गाडीला नंबर नव्हता,
मला भाडं नव्हतं,
आणि दोघांनाही काय बोलावं सुचलं नाही.
हायवेवरच्या पेट्रोल पंपाशी सोडून तो वळला.
लांबवर पाटी पुन्हा पेटलेली दिसली.

बसच्या तिकिटाचे पैसे होते माझ्याकडे.
पण बेरकान्तच्या चाळिसाव्याला
तिकीट काढून जाणं
त्याला आवडलं नसतं.

दुपारी कांद्याचा ट्रक थांबला. दुर्सुन, मिशी पिकलेली.
"पूर्व म्हणजे कुठवर?"
"एर्झिंजान. दोस्ताकडे."
"वाट बघत असेल."
मी पुठ्ठा दुमडून पायाखाली घेतला.
"त्याला घाई नाही," म्हणालो.

बोलूच्या डोंगरात रात्र काढली, केबिनमध्येच, कांद्याच्या वासात.
पहाटे काचेवर बर्फाचा पापुद्रा.
दुर्सुन खरवडायला काहीतरी शोधत होता,
मी खिशातलं कार्ड दिलं.
शहराच्या सगळ्या फाटकांतून आत जाणारं ते कार्ड
करकर वाजत काच सोलत गेलं.
त्याच्या कडेवर पांढरा कीस साठला,
मी तो फुंकरीने उडवला.

आणि समोर, खरवडलेल्या हातभर जागेतून,
रस्त्याच्या बरोबर मधोमध
एक कोंबडी.
दुर्सुनने इंजिन चालू केलं, भोंगा दिला.
तिने एक पाय उचलला,
थोडा वेळ तसाच धरून ठेवला.