नदीपलीकडचा ढग

पुढल्या वर्षी म्हणे डबाच नसेल.
टीव्हीखालचं ते काळं खोकं,
दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा त्याचा पंखा,
हिल्लाने लहानपणी जिच्यात पाव कोंबला होता ती फट,
काही म्हणजे काही नाही.
खेळ ढगातून येईल.

वाल्तेरीच्या भावाला हे पक्कं ठाऊक आहे.
हिल्लाला त्याहून पक्कं.
महिन्याला पैसे किती पडतील, यावरून
तिचं आणि वाल्तेरीचं परवा भांडण झालं.
बोलणं बंद आहे.
कशात काय अन् फाटक्यात पाय.

मी मोजे रेडिएटरवर पसरतो.
बाहेर उणे सव्वीस,
दुपारी तीनलाच खिडकी काळी.

"आजोबा, तो ढग असतो कुठे?"

कुठे असायचा? नदीपलीकडे.
एकतीस वर्षं मी तिथे कागद केला.
तीन नंबरचं यंत्र, नऊ मीटर रुंद.
रात्रपाळीला त्याच्या कुशीत डुलकी लागायची,
इतकं उबदार.
मग कागद कुणाला नकोसा झाला.
यंत्र सुटं करून जहाजात घातलं,
त्याच्या जागी कपाटं आली, रांगेने,
हिरवे डोळे मिचकावणारी.
आता मी तिथला रात्रीचा पहारेकरी.
काय राखतो, विचारू नका.
मलाही सांगितलेलं नाही.

एवढंच कळतं, की कपाटं तापतात,
आणि त्यांना निववून आलेलं पाणी
नळांतून गावभर फिरतं,
या रेडिएटरात, या मोज्यांखाली.

हिल्ला गप्प. मग हिशोब मांडते:
समजा, लिस्बनमधला एक मुलगा
रात्रभर त्याच राक्षसाच्या हातून मरतोय,
उठतोय, पुन्हा मरतोय...
म्हणजे आपले मोजे वाळणार?

वाळतीलही.

"आणि मी इथून उडी मारली तर?"

नदी चारशे पावलांवर. पण तार सरळ जात नाही,
ती आधी दक्षिणेला, मग समुद्राखालून,
परक्या देशाला वळसा घालून
आपल्याच पलीकडच्या काठावर यायची.
बटण आत्ता, उडी पापणीभर उशिरा.
तेवढ्यात माणूस दरीत जातो, ती म्हणते.
खोक्यात असं होत नाही.

तो उशीर मला ठाऊक आहे.
लाल बटण दाबल्यावरही
रूळ थोडा फिरत राहायचा.
तौनोची दोन बोटं त्या थोड्यात गेली.
हे तिला सांगत नाही.
मोजे उलटे करतो.

रात्री पाळीवर, कपाटांच्या गल्लीत,
सतराव्या दाराला पाठ टेकतो.
ऊब आहे.
कुणीतरी कुठेतरी हरत असावं,
चांगलं मन लावून हरत असावं.

सकाळी हिल्लाला सांगायला हवं,
वाल्तेरीशी बोल म्हणून.