टोकन नंबर अठ्ठ्याऐंशी

कानावर माशी बसली होती. ती हाकलायला
हात वर केला, तेवढ्यात गुल्हाने सर म्हणाले,
"शाब्बास भोयर! हा पाहा, आपणहून!"
असा मी सेवा पथकात गेलो.
सातवी ब मधून दोघंच, मी आणि प्रेरणा डहाके,
जिला सगळ्याच पथकांत जायचं असतं.

मला वाटलं, पाणी वाटायला देतील.
किंवा शिट्टी. शिट्टी चालली असती.
पण सप्त्याच्या काल्याला शिट्ट्या मिळाल्या आठवीच्या पोट्ट्यांना,
बुंदीची परात प्रेरणाला,
आणि मला पिवळी टोपी, सुतळीचा गुंडा
अन् जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून केलेले चौकोन.
एक चपलेला बांधायचा, एक माणसाला द्यायचा.
"चपला?" मी म्हटलं.
"चपला," सर म्हणाले. "लय जबाबदारीचं काम आहे लेका."

शाळेमागं त्याच वेळी फायनल.
माझ्या जागी किपिंगला गोलूला घेतलं,
ज्याला स्वतःची चड्डी पकडता येत नाही.

पहिल्या शंभर बांधताना नाक धरलं.
मग गाठीला दोन्ही हात लागतात, म्हणून सोडलं.
दीडशेनंतर वास येईनासा झाला.
नदीपलीकडच्यांच्या टाचेला तांबडा मुरूम,
आमच्या गावच्यांना काळी माती, वाळून तडकलेली.
एक टायरची, तळव्यावर अजून ट्रकची नक्षी.
एका बाईच्या अंगठ्यात सेफ्टी पिन,
पिनेला लाल दोरा गुंडाळलेला, नुसता शोभेला.
सरपंचांचे बूट, आत मोजे कोंबलेले.
सर लांबून खुणावत होते, एक नंबर, एक नंबर.
मी एकशे चौऱ्याहत्तर दिला. रांगेत होते तसा.

मग दोनशे बारा.
डावा पट्टा तारेनं बांधलेला.
ती तार मीच बांधली होती,
आकाशकंदिलाची उरलेली.
मी वर पाहिलं नाही.
मायही थांबली नाही. बाकीच्या बायांसारखाच
हात पुढं केला, पुठ्ठा घेतला,
पदराच्या गाठीत बांधला.
म्हणाली, "बरोबर ठेवजो भाऊ."
मागंच गोलू उभा होता, फायनल हरून आलेला.
त्याला काही कळलं नाही.

पंगती उठल्या तशी झुंबड.
"माही काळी." "माही बी काळीच."
"काहून रे, आकडे येतात का तुले?"
माझा सहा एका बुढ्याला नऊ दिसला
आणि तो दुसऱ्याचीच घालून भांडत बसला.
दोनशे बारा मी आधीच काढून ठेवली होती,
टाचा आतल्या बाजूला,
म्हणजे पाय सरळ आत जातात, वळावं लागत नाही.
असं बाकीच्यांना केलं नव्हतं.
नंतरच्यांना केलं.

मांडव सुटला. कढया घासायला गेल्या.
एक जोड राहिली. अठ्ठ्याऐंशी.
अंगठ्याजवळ झिजून खड्डा पडलेली,
माप साधारण माझंच.
सर म्हणाले, "राहू दे, चल. गेला असंन कोणी विसरून."
चप्पल कशी विसरंन माणूस, सर?
हे मनातच म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं, "येईन कोणीतरी. थांबतो."
टोपी कानावर ओढली, थंडी होती.
कोणी आलं नाही. एक कुत्रं आलं,
वास घेऊन गेलं.

सोमवारी सरांनी विचारलं,
पोलिओच्या डोसाला लेकरं बोलवायला कोण जाईल.
तेव्हा माशी होती का, आठवत नाही.

चपला वर्गात खिळ्याला आहेत, नकाशाशेजारी.
रस्त्यानं कोणी पोट्टं दिसलं
की मी आधी पाय पाहतो.
त्याच्याकडं माझ्या अक्षरातला अठ्ठ्याऐंशी आहे.
पुठ्ठा माझ्याच जुन्या वहीचा होता,
मागं अर्धं लेबल चिकटलेलं राहिलं:
भोयर, इयत्ता पाचवी, विषय
आणि पुढं कापलेलं.
शोधायला तेवढं पुरावं.