एकास बारा

स्विंडनहून निघताना पराग म्हणाला, दोन तासांत पोचू.
एम-फाइव्हवर कारवानांच्या शेपटीला लागलो ते लागलोच.
माइनहेड आलं तेव्हा दशम्या संपल्या होत्या
आणि निहारला दोनदा उलटी झाली होती.

तिकिटाच्या खिडकीशी तात्यांनी गुणाकार केला,
पौंडाचे रुपये, चौघांचे,
आणि मग त्या गावाकडे पाहीचनात,
रुसल्यासारखे.

गाव गुडघ्याएवढं.
चर्चचा मनोरा निहारच्या बेंबीला लागतो.
तळ्यात बदकं म्हणून दोन पांढरे ठिपके, आणि ती बदकंच वाटतात.
क्रिकेटच्या मैदानावर गोलंदाज एका पायावर
किती उन्हाळे उभा आहे कुणास ठाऊक,
फलंदाजाच्या टोपीवर शेवाळ चढलंय.
नवरी चर्चच्या दारात. नवरा आडवा,
काल रात्रीच्या वाऱ्यानं.
निहार खो खो हसला.
हात लावू नकोस, पराग म्हणाला.
पाटीवरही तेच लिहिलं होतं, आणि खाली: प्रमाण एकास बारा.

झाडांना हे कुणी सांगितलेलं नाही.
कितीही छाटा, पान पानाएवढंच.
बेकरीच्या छपरावर एक पिवळं पडलं होतं,
सतरंजीसारखं.

वळून पाहिलं तर तात्या दिसेनात.

ते पोटावर पडले होते.
फरसबंद वाटेवर, स्वेटरसकट, वय त्र्याहत्तर,
हनुवटी खाटकाच्या दुकानासमोर.
एक बाई प्रॅम वळसा घालून घेऊन गेली.
"तात्या!"
"थांब गं. पाट्या हातानं रंगवल्यात."

मिरजेत चाळीस वर्षं पाट्याच रंगवल्या त्यांनी:
उसाचा ताजा रस, दातांचा दवाखाना, येथे थुंकू नये,
ट्रकच्या फाळक्यांवरचे मोर.
मग फ्लेक्स आला.
तात्यांनी ब्रश रॉकेलमध्ये उभे करून ठेवले,
रॉकेल उडून गेलं
तरी डबा उघडला नाही.

इथं पाटी बोटभर. तिच्यावर अठरा अक्षरं.
"तो आर बघ. पाय कसा टाकलाय.
श्वास धरल्याशिवाय असा पाय येत नाही."

कुंपणापलीकडून एक म्हातारी आली,
गुडघ्यांना रबरी गाद्या बांधलेली, छातीवर नाव मेविस,
हातात तीन केसांचा ब्रश.
तात्यांना इंग्रजी अक्षरं काढता येतात, बोलता येत नाहीत.
मी मध्ये पडणार, तेवढ्यात
त्यांनी हवेत एक रेघ ओढली, श्वास धरून,
आणि रेघ संपल्यावर सोडला.
मेविसनं आपली दाखवली:
ती श्वास सोडता सोडता ओढते.
तात्यांनी मान हलवली. चूक.
तिनंही हलवली.
मग बराच वेळ दोघं खाटकाच्या दुकानासमोर
नुसताच श्वास घेत-सोडत होती.

बेकरीच्या पाटीवर शेवटचा ठिपका राहिला होता.
तिनं ब्रश पुढे केला.

तात्यांच्या हातातला चहा हल्ली बशीत जास्त असतो.
मी गोलंदाजाकडे पाहत राहिले.
निहारनं सगळं पाहिलं. तो सांगतो,
ठिपका जरा मोठा झाला,
आणि त्या आजी 'लव्हली' म्हणाल्या,
पण त्या सगळ्यांनाच म्हणतात.

परतीच्या वाटेवर मोटरवेच्या निळ्या पाट्या,
घराएवढ्या, एकामागून एक.
"यंत्राच्या," तात्या म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

रात्री पिठलं-भात.
उजव्या अंगठ्यावर हिरवा रंग, मोहरीएवढा.
तात्या तेवढा अंगठा वर धरून चार बोटांनी जेवले,
भात दोनदा ताटाबाहेर गेला.
टर्पेंटाइन आणू का, मी विचारलं.
"राहू दे गं.
अजून ओला आहे."