जास्तीचा आय

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी साडेसहाला
मासळीच्या कारखान्यातून सुटलेली माणसं येतात.
हात लिंबाने घासलेले,
तरी वहीच्या पानांना हॅडॉकचा वास.

रेबवारने कौन्सिलचं पत्र आणलंय:
तुमची फी वेव्ह केली आहे.
त्याला वाटलं, फी हात हलवत निघाली,
धक्क्यावरून बोट निघते तशी.
आम्ही हसलो. डोरीन थ्वेट हसल्या नाहीत.
‘जवळपास तेच,’ म्हणाल्या,
आणि फळ्यावरच्या शब्दात
जास्तीचा एक आय घुसवला.

उच्चार तोच.
लाट, निरोपाचा हात, आणि हे तिसरं:
आपलं येणं असून न घेणं.
माझ्या भाषेत अशा वेळी पाणी सोडतात.
हजेरी मांडता मांडता मी ते
पानाच्या कोपऱ्यात टिपून ठेवलं.

‘कर्म जपून निवडा,’ डोरीन म्हणाल्या.
दंड चालेल. भाडं, अट, हक्क, सगळं चालेल.
पाऊस चालणार नाही.
गुडघेदुखी तर नाहीच.
आणि कर्ता तोच, ज्याला ‘नाही’ म्हणता येतं.
सीमेवरचा शिपाई? रेबवारने विचारलं.
‘व्याकरणात चालेल.’

सेमहार शेवटच्या बाकावर.
तीन आठवड्यांत तिने फक्त
रेडिएटर बंद आहे, एवढंच सांगितलं होतं.
आज तिने लिहिलं:
मी शिलाई मशीन वेव्ह करते.

लाल पेन खाली आलं. ‘मशीन नाही.
मशीनवरचा हक्क.’
मग पेनाला टोपण लावत: ‘कुठलं मशीन?’

आईचं. पायाने चालवायचं. अस्मारातलं.
लेताईने नेलं, न विचारता,
आईचं कापड अजून सुईखाली होतं तेव्हा.
दोघी बहिणी आता फोनवर
फक्त हवामान बोलतात.

सेमहारने वाक्य पुन्हा लिहायला घेतलं.
इंग्रजीतल्या हक्कात दोन मुकी अक्षरं असतात.
तिथे ती बराच वेळ थांबली.

‘सोडून झाला असेल,’ डोरीन म्हणाल्या,
‘तर शेवटी ड लाव.’

साडेआठला बसथांब्यावर
खाडीकडून वारा, चिप्सचे कागद उडत होते.
रेबवारने बसमधून हात हलवला.
तिनेही हलवला, अर्धाच.
‘वेव्ह,’ ती ओठातल्या ओठात म्हणाली.

मी कान देऊन ऐकलं.
ड नव्हता.