बाहामार, अंक बाविसावा

लाट येऊन गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात
रेमिहियो कार्कामो मास्तरांनी पहिला अंक काढला.
चिलोए बेटावर धड छपरं नव्हती अजून
आणि हा माणूस दारोदार कविता मागत होता.
नाव ठेवलं बाहामार, म्हणजे ओहोटी.
पाणी हटल्यावर चिखलात जे उरेल
तेवढंच छापायचं, म्हणाले.

वर्गणी दहा एस्कुदो, नाहीतर अर्धं पोतं बटाटे.
वहीत मावशीचं अक्षर आहे अजून:
"ओतिलिया नावेल्केन, केउई बेट.
धुरावलेले शिंपले एक माळ. पुढच्या अंकापर्यंत फिटले."

टाइपरायटर परदेशी. त्याला 'न्य' येत नसे.
म्हणून मी, वय वर्षं नऊ,
स्टेन्सिलवर सुईनं
हव्या त्या 'न'च्या डोक्यावर एक लाट काढायची.
ती विसरली, की आमच्या भाषेत
'वर्ष'चं होतं ढुंगण.
नववर्षाच्या अंकात विसरले.
पाद्रीबाबा महिनाभर प्रवचनात खोकत राहिले.

मग ते वर्ष आलं
(इथं लाट विसरलेली नाही).
जीपमधून उतरलेल्या सार्जंटनं उभ्याउभ्याच अंक चाळले.
बाविसाव्यावर थांबला.
"माझ्या कवितेतल्या दोन ओळी गाळल्यात.
आईच्या मागावरच्या."
मास्तर म्हणाले, "त्या दोन वाईट होत्या."
बाविसाव्याचा गठ्ठा अंगणात जाळला.
मशीन नेलं. मास्तरांनाही नेलं.
मशीन परत आलं.

आता सान्तियागोहून विद्यापीठाची मुलं येतात,
पांढरे हातमोजे घालून.
सगळे अंक मिळाले त्यांना, तो एक सोडून.
तो केउईला आहे,
ओतिलियाच्या सुनेच्या स्वयंपाकघरात,
फळ्यांच्या फटी बुजवायला खळीनं चिकटवलेला.
वाचायचा तर स्टुलावर चढा.
सार्जंटची कविता चुलीच्या नळीमागं आहे,
तेलकट, मागाचा धोटा अर्ध्यात अडकलेला.

सोडवून नेतो म्हणाली मुलं.
सून हातातलं पीठ झटकत म्हणाली,
"वाचा की खुशाल. पण काढू नका.
वारा थेट पाळण्यावर येतो."

मीही चढले, गुडघे धरून, चष्मा पुसून.
तिसऱ्या ओळीत
एक लाट राहिली होती.
पेन्सिल मागितली.
खालून ती हातमोजेवाली मुलगी म्हणाली,
"असू दे आजी. आहे तशीच नोंद करते."